पथ्य घरातल्यांना

पुण्याला जाऊन आलो म्हटलं की अकोल्यात पहिला प्रश्न येतो, "मग, चहा मिळाला का?" मला मिळाला. एकदा विचारलं गेलं आणि मी लगेच हो म्हणालो, म्हणून मिळाला. माझ्या आईला मात्र सुरुवातीचे काही दिवस मिळाला नाही, आणि पुढे जे सांगणार आहे ते खरं तर त्या न मिळालेल्या चहाबद्दलच आहे.

आधी थोडं घरचं सांगायला हवं. माझं अकोल्यात औषधांचं दुकान आहे. अशा माणसानं आपल्या आईला वैद्याकडे घेऊन जायचं म्हणजे खानावळवाल्यानं बायकोला दुसऱ्याच्या खानावळीत जेवायला नेण्यासारखं आहे. शेजारच्या दुकानदारानं तसं बोलूनही दाखवलं. पण माझा नाइलाज होता. पावसाळ्यात बाबा गेले आणि त्यानंतर आईचं जेवण सुटलं. सुटलं म्हणजे तिनं काही व्रत धरलं नव्हतं. ताटावर बसायची, दोन घास खायची आणि "झालं माझं" म्हणून हात धुवायची. तपासण्या झाल्या, पोटात नळी घालून झाली, सगळं नॉर्मल आलं. अकोल्यातले डॉक्टर भले आहेत, त्यांनी हात टेकले नाहीत, पण त्यांच्या हातात धरायलाही काही सापडत नव्हतं. आईच्या बोटातली अंगठी दोरा गुंडाळूनही टिकेना, तेव्हा ती काढून देवघरात ठेवली. आई बाबांच्या मागोमाग जाणार, ही भीती मी कुणाला बोलून दाखवली नाही, पण दुकानात गोळ्यांची पाकिटं कापताना तीच डोक्यात असायची.

आमच्याकडे जेवण ही कधीच शांततेची गोष्ट नव्हती. बाबांना खोड काढल्याशिवाय घास गिळत नसे. वरण पातळ, भाकरी जाड, मीठ कमी. मीठ बरोबर असलं तर "आज बरोबर कसं काय पडलं?" आईचं उत्तर ठरलेलं, "मग उद्या तुम्ही करा." असं संसारभर चाललं. बाबांनी कधी केलं नाही आणि आईनं कधी म्हणायचं सोडलं नाही. ते गेल्यावर आम्ही सगळे शहाण्यासारखे वागायला लागलो. माझी बायको वनिता आईच्या आवडीचं करायची, मी प्रत्येक पदार्थाची तारीफ करायचो, मुलं म्हणायची आजी एक घास माझा, एक घास आईचा. आई सगळ्यांच्या नावाचा एकेक घास खायची आणि उठायची.

पुण्याच्या वैद्यांचं नाव आमच्या घरात जुनं आहे. बाबा तरुणपणी काही काळ पुण्यात नोकरीला होते. तेव्हा पोट बिघडलं आणि सदाशिव पेठेतल्या एका वैद्यांनी ते बरं केलं. पुढे जन्मभर कुणाला काहीही झालं तरी बाबा म्हणायचे, "पुण्याचे वैद्य असते तर एका पुडीत काम झालं असतं." आईनं त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. पण एके दिवशी ती आपणहून म्हणाली, दाखवायचंच असेल तर त्यांनाच दाखवा. मी चौकशी केली. म्हातारे वैद्य कधीच वारले होते आणि आता त्यांची मुलगी बसत होती. हे मी आईला गाडीत बसल्यावर सांगितलं. वाटलं, आता म्हणेल परत फिर. ती खिडकीबाहेर बघत बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "हात त्याच घरातला हाये नं? मग झालं."

स्वारगेट

पुणे स्टेशनवरून मधे एकदा बदलून स्वारगेटपर्यंत आता मेट्रोनं जाता येतं, शेवटचा टप्पा जमिनीखालून. आईनं सरकता जिना पाहिला आणि पिशवी छातीशी धरून ठाम उभी राहिली. मागे माणसं खोळंबली. मी समजावत होतो, ती ऐकत नव्हती. शेवटी कॉलेजच्या दोन मुली पुढे आल्या, एकीनं एक हात धरला, दुसरीनं दुसरा. "आजी, चिल करा, आम्ही आहोत ना," म्हणाल्या आणि तिला अलगद वर घेऊन गेल्यासुद्धा. पुणेकर तुसडे असतात असं ऐकून गेलेल्या माणसाला पहिल्या तासातच असं काही दिसलं की पंचाईत होते.

ती पंचाईत भाऊजींनी दूर केली. भाऊजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे, सुमनताईचे यजमान. मूळचे पुण्याचे, सरकारी खात्यातून निवृत्त. स्वारगेटला आम्हाला घ्यायला उभे होते. आईच्या पाया पडले, पिशवी घेतली आणि मला म्हणाले, "गाडी वेळेवर आली म्हणजे तुम्ही बहुतेक कालच्या गाडीत बसला होतात." मग रिक्षा करून आम्ही कात्रजला त्यांच्या घरी आलो. त्यांच्या गॅलरीतून समोर डोंगर आणि घाटाचा रस्ता दिसतो. आई तिथे खुर्चीत टेकली.

सुमनताईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काकू, चहा टाकू ना तुमचा?"

"नको व, राहू दे," आई म्हणाली.

आमच्या वऱ्हाडात 'नको' ही बोलण्याची सुरुवात असते. पहिल्या नकोला कुणी कान देत नाही, दुसऱ्या नकोपर्यंत चहा उकळलेला असतो आणि तिसरा नको म्हणेपर्यंत कप हातात येतो. सुमनताई तीन कप घेऊन बाहेर आली. भाऊजींचा, माझा आणि तिचा. आई माझ्या कपाकडे बघत राहिली. सुमनताई आमच्याच घरातली, पण पुण्यात संसार करून तिचं सगळं बदललं. मी संध्याकाळी हळूच भाऊजींना आमची पद्धत सांगितली. ते म्हणाले, "पुण्यात नको म्हणजे नको. आम्ही पाहुण्याच्या शब्दाला किंमत देतो."

वैद्यबाईंचे खल

सदाशिव पेठेतली ती जुनी इमारत आता राहिलेली नाही. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर वैद्यबाईंचा दवाखाना आहे. भिंतीवर त्यांची पदवी, तिच्याशेजारी वडिलांचा फोटो आणि खाली पाटी: 'नाडी पाहताना बोलू नये. नातेवाइकांनी तर मुळीच बोलू नये.'

पण पाटीपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे बाहेरची खोली. तिथे सतरंजीवर दगडी आणि पितळी खल ओळीनं मांडलेले, आणि माणसं मांडी घालून आपापलं औषध कुटत बसलेली. या दवाखान्याची ही रीत म्हाताऱ्या वैद्यांपासूनची आहे. इथे तयार पुडी मिळत नाही. सामान मोजून देतात आणि रोग्यानं ते स्वतः कुटायचं. ज्याला कुटणं शक्य नाही त्याच्यासाठी घरच्यानं कुटायचं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा घाम पुसत बत्ता चालवत होता. मी चौकशी केली तर म्हणाला, "ॲसिडिटी, अंकल. अर्धी तर इथे बसूनच उतरते, सिरियसली." त्याच्या शेजारी कात्रजच्या पलीकडच्या गावातल्या एक बाई होत्या. गाव आता शहरात गेलंय, पण बाईंच्या बोलण्यात गाव तसंच शिल्लक होतं. त्या गुडघ्यांसाठी येत होत्या. आईला जागा करून देत म्हणाल्या, "लई गुण हाय बाईंच्या हाताला. आन् कुटताना ज्या देवावर भरवसा हाय त्याचं नाव घ्यायचं, प्रत्येक घावाला."

आमचा नंबर आला. मी तयारीत होतो. आत गेल्या गेल्या वैद्यबाई रिपोर्ट बाजूला सारतील आणि मग आपण चार शब्द सुनावू, अशी माझी योजना होती. त्यांनी चष्मा लावला आणि सगळे रिपोर्ट एकेक करून वाचले. रक्तदाबाची गोळी कुठली चालू आहे ते विचारलं आणि म्हणाल्या, "ही चालू ठेवायची. ती बंद करून माझ्याकडे यायचं नाही." मग आईचं मनगट हातात घेतलं, तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. इतका वेळ कुणी आईचा हात नुसता धरून बसलंय, असं गेल्या कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. आम्ही तिच्या हातात ताट देत होतो, गोळी देत होतो, पाण्याचा पेला देत होतो. मला ते बघून कसंसंच झालं.

"आवडीनं शेवटचं काय खाल्लं होतंत?" वैद्यबाईंनी विचारलं. मी सांगायला लागलो तर त्यांनी डोळे न उघडता पाटीकडे बोट केलं. आईला आठवेना. मग विचारलं, भूक नाही की चव नाही?

"चव कायची, बाई," आई म्हणाली. "सारं भुशासारखं लागते."

सामान मोजून मिळालं आणि आई बाहेर कुटायला गेली. मला आणि सोबत आलेल्या सुमनताईला वैद्यबाईंनी थांबवून घेतलं, दार लावून घेतलं.

"आता तुमचं औषध," त्या म्हणाल्या. "यांना जेवायचा आग्रह करायचा नाही. एकदा विचारायचं. नको म्हणाल्या तर विषय बंद. घास भरवायचा नाही, शपथ घालायची नाही, जेवताना तोंडाकडे बघत बसायचं नाही. पथ्य त्यांना काहीच नाही, वाटेल ते खाऊ देत. पथ्य तुम्हाला आहे. आणि हे त्यांना सांगायचं नाही."

मी म्हणालो, पण नाहीच जेवली तर? त्या म्हणाल्या, पाणी, पेज, दूध हाताशी दिसेल असं ठेवा, एक दिवसाआड मला दाखवा, आणि जरा जरी ग्लानी वाटली तर त्याच क्षणी फोन करा, मीच हॉस्पिटलमध्ये पाठवीन. मग मी माझ्या धंद्याला शोभेल असा प्रश्न विचारला. सामान मी पाहिलं होतं. सुंठ, जिरं, ओवा, सैंधव आणि हिंग. ही तर फोडणी झाली, म्हणालो.

"हो," वैद्यबाई म्हणाल्या. "फोडणीपाशीच परत यायचंय त्यांना." आणि पुढे म्हणाल्या, "रोगी औषधावर विश्वास ठेवतो, तेवढं पुरत नाही. घरातल्यांनी रोग्याच्या भुकेवर ठेवावा लागतो. तो तुम्ही गमावलाय."

बाहेर आलो तर आई कुटत होती. पाठ ताठ, पदर खोचलेला, मनगट वरून खाली सैल सोडून. आयुष्यभर मसाले कुटलेला हात तो. शेजारच्या बाई आपला खल सोडून तिच्याकडे बघत होत्या. आईचे ओठ हलत होते. कुठल्या देवाचं नाव घेतेय ते काही कळेना.

मंडई

सुमनताईला हे पथ्य सोपं गेलं. तिला नवीन काही करायचंच नव्हतं. ती एकदा विचारायची, "काकू, भाजी?" आई म्हणायची नको, आणि भाजीचं पातेलं पुढे सरकायचं. जे काही दोन घास पोटात जायचे त्याबद्दल आई सभ्यपणे म्हणायची, "छान झालं हो सुमन." मी तुरीच्या शेंगेएवढा भात चिवडणाऱ्या आईकडे न बघता जेवायचा प्रयत्न करायचो आणि मलाच अन्न जाईना. पुडी मात्र ती नेमानं घ्यायची, पहिल्या घासाबरोबर, तुपात कालवून, कपाळाला लावून.

एका संध्याकाळी गॅलरीत तिनं मला जवळ बोलावलं. "सुमनले माणूस जड झालं," म्हणाली. "एका बोलावर ताट उचलते. मी काय खरंच नको म्हणतो का?" मी जीभ चावली. खरं सांगायचं तर पथ्य मोडतं, नाही सांगायचं तर सुमनताई बदनाम होते. सुमनताईला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. तीही शेवटी आमच्याच घरातली मुलगी, तिला का हौस होती काकूला उपाशी ठेवायची? पण ती म्हणाली, होऊ दे मी वाईट, जेवायला लागू दे त्यांना.

मी तिच्याइतका पक्का निघालो नाही. दुसऱ्यांदा वैद्यबाईंकडे जाऊन आल्यावर आईला मंडई दाखवायला नेलं. मंडईची ती दगडी, कोनाकोनांची उंच इमारत, आत चढत्या ओट्यांवर बसलेले विक्रेते आणि भाजीचे रचलेले डोंगर बघून आई हरखली. आमच्या बाजारात भाजी ओतलेली असते, इथे ती मांडलेली होती. मटार, हरभऱ्याच्या जुड्या, कोवळी मेथी. तिनं मेथीची जुडी हातात घेऊन वास घेतला. तेवढ्यानंच मी वेडा झालो. बाहेर पाटीत पानांवर रचलेली जांभळी अंजिरं दिसली, ती घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या म्हणालो, आई, एक खा. नको म्हणाली. मी म्हणालो, माझ्यासाठी. नको. मग मी वऱ्हाडी माणूस जे करतो ते केलं, म्हणालो, "माझी शपथ आहे तुला."

तिनं एक खाल्लं. मी दुसरं हातात दिलं, तेही खाल्लं. आणि स्वारगेटच्या पुढे रिक्षा थांबवून तिला रस्त्याकडेला उलटी झाली. रिक्षावाल्यानं बाटलीतलं पाणी दिलं आणि थांबला. घरी येईपर्यंत आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती, आणि तिचं वजन मला जाणवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पेजही नाकारली. सकाळीच म्हणाली, "मले घरी ने." वैद्यबाईंना फोन केला. त्यांनी आधी माझीच झाडाझडती घेतली. काय खाल्लं, कसं खाल्लं, कुणी दिलं. शपथ ऐकल्यावर म्हणाल्या, "तुम्ही औषधं विकता ना? मग एवढी एक मात्रा पाळता येऊ नये?" साखर-मिठाचं पाणी घोटघोट द्यायला सांगितलं, आणि दुपारपर्यंत ते टिकलं नाही तर थेट हॉस्पिटलमध्ये न्यायला. ते टिकलं. पण मी गॅलरीत बसून रडलो. मला वाटलं, मी आईला बरं करायला आणलं आणि माझ्याच हातानं आणखी ढकललं. भाऊजी चहाचा कप माझ्या बाजूला ठेवून गेले. घेणार का असं त्यांनी विचारलं नाही, हे पुण्यात मी एकदाच पाहिलं.

तिकीट काढायचं मी ठरवलंच होतं. आईनंच थांबवलं. तिला आठवलं की पुडी अजून उरलीय. वैद्यबाईंकडच्या त्या गुडघेवाल्या बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, आपल्या हातानं कुटलेलं औषध टाकायचं नसतं, आणि ज्या गावात सुरू केलं तिथेच संपवायचं असतं. आई म्हणाली, पुडी संपू दे, मग जाऊ. एरवी अशी श्रद्धा ऐकून मी हसलो असतो. त्या दिवशी मी त्या अनोळखी बाईंना मनातून नमस्कार केला. माझ्या शपथेनं जे बिघडवलं होतं ते त्यांच्या एका वाक्यानं धरून ठेवलं होतं.

कात्रज

दोन दिवसांनी आईच म्हणाली की जरा पाय मोकळे करू. भाऊजी आम्हाला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात घेऊन गेले. तिथलं सर्पोद्यान पुणेकरांच्या अभिमानाचा विषय आहे. काचेआड वेटोळं घालून पडलेली धामण बघून आई म्हणाली, "याइले पाहाले तिकीट? आमच्या वावरात फुकट येतात." भाऊजींना हे फार आवडलं. त्यांच्या मते पुण्यात जन्म घेण्याची आईची संधी थोडक्यात हुकली होती. तळ्याकाठी सावलीत बाकावर आम्ही बसलो. आई बराच वेळ पाण्याकडे बघत होती आणि मी, पथ्य म्हणून, तिच्याकडे बघत नव्हतो.

घरी परतलो तेव्हा सुमनताईचा स्वयंपाक होत आला होता. आमटीला फोडणी पडली आणि हिंगाचा वास बाहेरच्या खोलीत आला. आई उठली. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जेवाले वेळ हाये का अजून?"

सुमनताईनं मागे वळून पाहिलं नाही. तिचे खांदे मला दिसले, ते एकदम ताठ झाले होते. "बसा," एवढंच ती म्हणाली.

आम्ही चौघं बसलो. "काकू, आमटी?" "घाल." सुमनताईनं आमटी घातली आणि पुढे गेली. आईनं पुडी तुपात कालवून पहिला घास घेतला, मग आमटीभात कालवला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा तोंडात असतानाच थांबली. मला अंजिरं आठवली.

"सुमन," आई म्हणाली, "गूळ किती टाकला व आमटीत?"



"आमटी हाये का खीर हाये?" आई म्हणाली. "त्याइनं ताट सारलं असतं."

बाबा गेल्यापासून तिनं त्यांचा असा उल्लेख केला नव्हता. आम्ही केला तर ती उठून जायची. आता तिच्या तोंडून ते आले ते असे, आमटीला नावं ठेवत. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पुसत नव्हती, कारण उजवा हात खरकटा होता आणि डाव्या हातानं तिनं ताट धरलं होतं. ती रडत होती आणि जेवत होती. तिला चव लागली होती. गोड लागलं होतं, जास्त गोड लागलं होतं, आणि त्याचा तिला राग आला होता. मी हे सगळं बघत होतो. आम्ही तिघंही बघत होतो, वैद्यबाईंचं पथ्य विसरून.

"बसले काय माया तोंडाकडे पाहात?" आई म्हणाली. "भात वाढ."

सुमनताईनं भात वाढला आणि तूप आणायच्या निमित्तानं आत गेली ती बराच वेळ आली नाही. भाऊजी घसा साफ करून म्हणाले, "काकू, या घरात आमटीला नाव ठेवायची परवानगी आजवर कुणालाच नव्हती. तुम्ही ठेवत जा."

निघताना

पुडी संपली त्या दिवशी आम्ही शेवटचं सदाशिव पेठेत गेलो. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, तेवढाच वेळ, तशीच डोळे मिटून. आई म्हणाली, "बाई, तुमच्या पुडीनं गुण आला." वैद्यबाई म्हणाल्या, पुडी तर तुम्हीच कुटली होती. अकोल्यातल्या डॉक्टरांना दाखवत राहा, हेही सांगितलं. आईनं वर फोटोतल्या म्हाताऱ्या वैद्यांना हात जोडले. ज्यांना तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्यांच्यावर तिचा विश्वास फक्त बाबांच्या शब्दावर होता. तो विश्वास ती पुण्यापर्यंत घेऊन आली आणि या घरानं तो वाया जाऊ दिला नाही.

काय लागू पडलं असं मला दुकानात लोक विचारतात. सुंठ-ओवा भूक वाढवतात हे मलाही ठाऊक आहे. दुःखाला जो काळ लागतो तो कदाचित सरत आला असेल, हेही मी मान्य करतो. पण ज्या घरात रोग्याचा हात इतका वेळ धरून बसतात, रिपोर्टही वाचतात, आणि औषध रोग्याच्याच हातानं करून घेऊन पथ्य घरातल्यांना देतात, त्या घराबद्दल मला मनापासून आदर वाटतो. माझ्या गल्ल्यावरून एवढं काही कधी कुणाला देता आलेलं नाही.

परतीच्या गाडीत मी आईला विचारलं, कुटताना कुठल्या देवाचं नाव घेत होतीस? ती हसली आणि पदर नीट करत म्हणाली, "देवाचं नाई घेतलं. त्याइचं घेतलं." बाबा हयात असताना तिनं त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. सतरंजीवर बसून, प्रत्येक घावाला, ओठातल्या ओठात तिनं ते घेतलं होतं.

वनिताला मी फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. घरी परतल्यावर पहिल्या जेवणाला तिनं एकदाच विचारलं, "आई, वरण?" आईनं घेतलं, घास खाल्ला आणि म्हणाली, "पातळ झालं." वनितानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि म्हणाली, "मग उद्या तुम्ही करा."

आई जेवता जेवता थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकान बंद करून घरी आलो तर फोडणीचा वास जिन्यात आला होता. आईनं पदर खोचला होता. तिनं मला वाढलं आणि समोर बसली, पूर्वी बाबांच्या समोर बसायची तशी. मी वरणभात कालवला आणि पहिला घास घेतला.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

"मग उद्या तू कर," आई म्हणाली आणि स्वतःचं ताट वाढून घ्यायला उठली.

मीठ अगदी बरोबर होतं.